पुण्याचे रोजचे पाणी : कात्रजचा नळ, पेठांतले हौद आणि नळकोंडाळी

शनिवारकर (धागाकर्ता)

पुण्याच्या इतिहासावर निघणारी चर्चा बहुधा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून बाहेर पडते आणि पानिपताच्या मैदानावर जाऊन थांबते. त्या साऱ्या काळात या शहरातली माणसे रोज सकाळी उठून पाणी भरत होती, धुणी धूत होती, उन्हाळ्यात आड आटला म्हणजे शेजारच्या वाड्यात घागर घेऊन जात होती. पण या गोष्टींना दिनविशेषात जागा मिळत नाही. म्हणून हा धागा केवळ पाण्यासाठी काढला आहे. तहांच्या तारखा आणि मसनदीची भांडणे कृपया इथे आणू नयेत, त्यांच्यासाठी इतर धागे भरपूर आहेत.

सुरुवात कात्रजच्या नळापासून करतो. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५०च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी दोन तलाव बांधण्यात आले. तिथून जमिनीखालून बांधीव दगडी नळ काढून सुमारे आठ-दहा किलोमीटरवरच्या शहरापर्यंत पाणी आणले गेले. या मार्गावर कोठेही पाणी उपसावे लागत नसे. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा सखल भागात असल्यामुळे केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत येई. वाटेत ठरावीक अंतरांवर उसासे बांधलेले होते. त्यांतून नळातली कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढायला माणसालाही आत उतरता येई. शहरात पोहोचलेले पाणी शनिवारवाड्यात आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले जाई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद आणि साततोटी ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगितली तर तो नेमका तिथेच नेऊन सोडतो.

दोन नद्यांच्या काठी वसलेल्या गावाला एवढ्या लांबून पाणी आणण्याची गरज का पडली, असा प्रश्न काहींना पडेल. कसब्याच्या जुन्या वस्तीला मुठा जवळ होती, परंतु पेशवाईत पेठा दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे पसरत गेल्या. तिथून नदीवर जाऊन भरलेल्या घागरी चढावरून परत आणणे हे रोजचे काम होऊन बसले असते. शिवाय मुठेला धरण नव्हते, त्यामुळे उन्हाळ्यात तिच्या पात्रात डबकीच उरत. विहिरी आणि आड होतेच, पण त्यांचे पाणी सगळीकडे गोडे नव्हते आणि वस्ती वाढली तसे ते पुरेनासे झाले.

आपापल्या पेठेतल्या हौदांविषयी, आडांविषयी, पुढे आलेल्या नळांविषयी ज्यांना खात्रीची माहिती आहे त्यांनी ती सविस्तर लिहावी, ही विनंती.

निवृत्त ओव्हरसियर

चांगला विषय निवडलात. माझी सगळी नोकरी पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या कामांवर गेली, म्हणून दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

कात्रजच्या दोन तलावांमध्ये एक विचार होता. डोंगरावरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याबरोबर माती येणारच. वरच्या तलावात ती बरीचशी खाली बसे आणि त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे जाई. आजच्या शुद्धीकरण केंद्रातही पहिली पायरी पाणी स्थिर ठेवून गाळ बसू देण्याचीच असते. मात्र त्यापुढच्या पायऱ्या, म्हणजे गाळण आणि जंतुनाशन, त्या काळात नव्हत्या, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे असे की कात्रजचा नळ हा एकटा नव्हता. नाना फडणविसांनी आंबेगावच्या बाजूने स्वतंत्र नळ काढून सदाशिव पेठेतल्या हौदात पाणी आणले होते, आणि रास्त्यांनीही आपल्या पेठेसाठी वेगळी सोय केली होती. थोडक्यात, ज्या सरदाराने पेठ वसवायची त्याने तिच्या पाण्याची काळजी घ्यायची, अशी काहीशी रीत दिसते. आज नवीन गृहसंकुल उभे राहते आणि पाणी मात्र टँकरने येते, तेव्हा मला त्या रितीची आठवण होते. पण ही टिप्पणी विषयांतराकडे जाईल म्हणून इथेच थांबतो.

तिसरी गोष्ट भुयारांची. पुण्यात कोठेही खोदकामात दगडी किंवा विटांची कमान लागली की शनिवारवाडा ते पर्वती असे गुप्त भुयार सापडल्याची बातमी पसरते. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात अशीच एक बांधीव वाट लागली आणि लगेच पेशव्यांच्या पळवाटेच्या गोष्टी सुरू झाल्या. प्रत्यक्षात ती इंग्रजी अमदानीतल्या पाणीपुरवठ्याची जुनी वाहिनी निघाली. पेठांखाली जे बांधकाम लागते त्यातले पुष्कळसे पाण्याचेच असते. रसिकांची निराशा होईल, पण राजघराणी पळून जाण्यासाठी एवढा चुना आणि दगड कुणी खर्च केला नसता. रोजच्या पाण्यासाठी तो केला गेला.

गुरुवारपेठी

ओव्हरसियर साहेबांनी रचना उत्तम समजावून सांगितली. मला हौदांच्या काठाविषयी लिहायचे आहे, कारण पाणी कसे आले याइतकेच ते कोणाच्या घागरीत पडले हेही रोजच्या इतिहासात मोडते.

पेठांमधले हौद सार्वजनिक होते असे आपण सहज लिहितो. पेशवाईतल्या आणि त्यानंतरच्या कित्येक दशकांच्या पुण्यात ‘सार्वजनिक’ याचा अर्थ सर्वांसाठी असा नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसाला हौदाला हात लावण्याची मुभा नव्हती. त्याने दूर उभे राहायचे, वरच्या जातीतल्या कुणाला दया आली तर त्याने वरून पाणी ओतायचे आणि याने ते धरायचे. अशा बाईची सकाळ किती लांबत असेल, याचा विचार करून पाहावा. घागर डोक्यावर घेऊन घरी परतणे हा तिच्या कामाचा शेवटचा आणि सोपा भाग होता. त्याआधीचा सगळा वेळ वाट पाहण्यात जाई.

या पार्श्वभूमीवर १८६८ सालची गोष्ट पाहावी. जोतीराव फुले यांनी त्या वर्षी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याआधी वीस वर्षे, म्हणजे १८४८ मध्ये, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती, तो प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. हौदाची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत उरकली जाते. माझ्या मते ती अधिक अवघड होती. शाळा घराबाहेर असते आणि ठरावीक वेळ चालते, परंतु घरचा हौद उघडा केला की रोज पहाटेपासून अंगणात लोक येणार, शेजारी खिडकीतून पाहणार आणि आपल्या घरच्या स्वयंपाकाचे पाणीही त्यांच्याच हाताला लागलेल्या हौदातून येणार. दर दिवशी नव्याने निभवावा लागणारा असा तो निर्णय होता.

हेच जोतीराव बांधकामाचे साहित्य पुरवणारे कंत्राटदारही होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामात त्यांचे कंत्राट होते. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेने हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. सभागृहातल्या इतर सदस्यांची त्या दिवशीची तोंडे पाहण्यासारखी झाली असतील. एक हजार रुपयांत तेव्हा किती नळ बसले असते, हे एखाद्या जाणकाराने जुन्या दरांवरून काढून दाखवावे.

आडनाव नको

गुरुवारपेठी यांच्या प्रतिसादावरून पंचहौदाचा चहा आठवला. विषय पाण्याचाच आहे, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि त्यानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते आणि शहरातले आणखी बरेच प्रतिष्ठित होते. कुणी चहा घेतला, कुणी पेला नुसता हातात धरला, कुणी तोंडाला लावून खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, यांनी पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गहजब झाला. ख्रिस्त्यांच्या हातचे पाणी प्यायल्याची तक्रार शंकराचार्यांकडे गेली, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले आणि प्रायश्चित्तावरून कित्येक महिने वाद पेटत राहिला. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्यासाठी आपल्याच सुधारक मित्रांचे बोल ऐकून घेतले.

आज हे वाचताना हसू येते, परंतु ज्या शहरात पाण्याला हात कोणाचा लागला यावर घरातली चूल अवलंबून होती, तिथे चहाचा पेला ही साधी गोष्ट नव्हती. अशा वादाचा त्रास घरातल्या बायकांना अधिक होतो. पुरुष सभेत भाषण करतात. बहिष्कार पडला म्हणजे हळदीकुंकवाला कोण येणार, श्राद्धाला ब्राह्मण कोठून आणायचा आणि मुलीचे लग्न कसे जमवायचे, हे प्रश्न माजघरात येऊन पडतात. या बाजूने त्या प्रकरणाकडे फारसे कुणी पाहिलेले नाही.

सिंहगड रस्ता

खडकवासल्याचा उल्लेख वर आला आहे, तर त्याची थोडी माहिती देतो.

त्याआधीचा टप्पा म्हणजे येरवड्याजवळ मुळा-मुठेवर १८५० मध्ये पूर्ण झालेला बंधारा. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी मोठी देणगी दिली होती आणि लष्कराच्या भागाला त्याचा उपयोग झाला. बंडगार्डनची बाग या बंधाऱ्याच्या काठची. त्यानंतर खडकवासल्याचे दगडी धरण आले. त्याचे काम १८६९ च्या सुमारास सुरू होऊन दहा वर्षांनी पूर्ण झाले आणि ज्या इंग्रज अभियंत्याने योजना आखली त्याच्या नावावरून सरकारी कागदांत तलावाला लेक फाइफ म्हणत. मुठेचे दोन कालवे तिथून निघतात. उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून, स्वारगेटकडून हडपसर आणि पुढे दौंड-इंदापूरच्या दिशेने जातो.

हे धरण केवळ पुण्याच्या घागरी भरण्यासाठी बांधलेले नव्हते. शेतीला पाणी आणि लष्करी छावण्यांची गरज हे त्यामागचे मोठे हेतू होते. शहर आणि शेती यांच्यातली पाण्याची ओढाताण तेव्हापासूनची आहे. आजही दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत इंदापूरचे आणि पुण्याचे लोकप्रतिनिधी एकमेकांसमोर बसतात.

पुष्कळ पुणेकरांना वाटते की आपण खडकवासल्याचे पाणी पितो. खडकवासल्याची स्वतःची साठवण दोन टीएमसीसुद्धा (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) नाही. पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरून चार धरणांची मिळून सुमारे २९ टीएमसी भरते, आणि त्यातला मोठा वाटा पानशेत व वरसगाव यांचा आहे. खडकवासला हा आता वरून आलेले पाणी पुढे पाठवणारा टप्पा आहे.

तांब्याचा बंब

इथे बहुतेक पुरुष मंडळी दिसतात, कारण एवढे प्रतिसाद आले तरी पाणी घरात आल्यानंतर काय होत असे हे कुणीच लिहिलेले नाही. ते मी लिहिते.

आमचा वाडा सदाशिव पेठेत होता. बारा बिऱ्हाडे, चौकात एक आड आणि त्याच्याशेजारी दगडी कट्ट्यावर दोन तोट्यांचे नळकोंडाळे. नळाला पाणी पहाटे येई. ज्या घरातली बाई आधी उठे तिची कळशी आधी लागे, हा अलिखित नियम होता, आणि तो मोडणाऱ्याविषयी दिवसभर बोलले जाई. पाणी आले की पहिले काम आदल्या दिवसाचे शिळे पाणी ओतून भांडी घासण्याचे असे. पिण्याचे पाणी तांब्याच्या हंड्यात गाळून, वर स्वच्छ फडके बांधून ठेवायचे. मोरीतले पिंप वापरायच्या पाण्याचे. अंघोळीचे पाणी बंबात, आणि बंबाला लागणाऱ्या चिपाड्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या जिन्याखाली साठवलेल्या.

माझ्या आजीच्या लहानपणी सोवळ्याचे पाणी वेगळे असे. नळाचे पाणी चामड्याच्या वायसरमधून येते म्हणून काही कर्मठ घरांत ते देवाला आणि स्वयंपाकाला चालत नसे. त्यासाठी आडाचेच पाणी लागे आणि ते ओलेत्याने भरावे लागे. ज्या बाईला हे काम पडे तिची थंडीतली सकाळ कशी जात असेल ते सांगायला नको. बहुतेक घरांत ते काम विधवा आत्या किंवा काकू यांच्याकडे असे आणि त्याविषयी कुणी त्यांना विचारलेले नसे. घरात नळ आला तेव्हा तो कुणासाठी आला हे पाहायचे असेल, तर अशा घरांतल्या वयस्क बायकांची आठवण ठेवावी.

ऐपतीच्या घरांत पाणक्या असे. पहाटे तो दोन-तीन घरांचे पाणी भरून जाई. कॅम्पात पखालवाले, म्हणजे चामड्याच्या पिशवीतून पाणी वाहणारे, असत, हे मी ऐकून आहे; आमच्या पेठेत मी ते पाहिलेले नाहीत.

सामाईक नळावरची भांडणे पुष्कळ रंगवून सांगितली जातात. ती होत असत हे खरे आहे. पण कुणी बाळंतीण असेल, घरात मयत झालेली असेल किंवा मुलाची परीक्षा असेल तर त्या घराचे पिंप इतरांनी भरून ठेवलेले मी पाहिले आहे, आणि त्यासाठी कुणाला बोलावे लागत नसे. पुढे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र तोटी मिळाली आणि बायकांचे कष्ट निम्म्याने कमी झाले. ‘त्या वेळची मजा गेली’ असे जे म्हणतात, त्यांनी कधी तिसऱ्या मजल्यावर कळशी नेलेली नसते.

मुठेकाठचा

पाण्याचा धागा आणि १२ जुलै १९६१ चा उल्लेख नाही, असे होऊ शकत नाही. पूर कसा आला हे पुष्कळांनी लिहिले आहे. मी मुख्यतः पुरानंतरच्या पाण्याविषयी लिहितो, कारण तो भाग नेहमी राहून जातो.

थोडक्यात पूर्वपीठिका अशी. पानशेतचे मातीचे धरण आंबी नदीवर बांधले जात होते. त्याचे काम पुरते झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचे काम अपुरे होते आणि तिथेच भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांचा भराव घालून धरण धरून ठेवले, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटले. त्या काही तासांमुळे किती पुणेकरांचे प्राण वाचले याचा हिशेब करता येणार नाही. पानशेतचा लोंढा खडकवासल्यात आला आणि ऐंशी वर्षे उभे असलेले ते दगडी धरणही फुटले. बुधवारचा दिवस होता. लकडी पुलावरून पाणी गेले. पुलाची वाडी, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांच्या नदीकडच्या भागांत माळ्यांपर्यंत पाणी चढले. जुने वाडे माती आणि लाकडाचे. पाण्यात उभे राहिले तेही पाणी ओसरल्यावर बसले.

संध्याकाळी नदी खाली गेली आणि मग लोकांच्या ध्यानात आले की शहरात प्यायला पाणी नाही. ज्या तलावातून नळाला पाणी येत असे तो तलावच रिकामा झाला होता. वीज गेलेली होती. ज्या रस्त्यांवर सकाळी दोन पुरुष पाणी होते, तिथे गुडघाभर चिखल होता आणि घागर घेऊन हिंडणारी माणसे होती. माझी आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती सांगते की त्या आठवड्यात लोकांना आपापल्या वाड्यांतले आड पुन्हा सापडले. नळ आल्यापासून ज्या आडांवर फळ्या टाकून वर धुण्याचे दगड ठेवले होते, ते उघडले गेले. रहाटाचे लाकूड कुजलेले, दोर कोणाकडेच नाही. मग बैलगाडीचे कासरे आणले आणि बादल्या सोडल्या. पूर न आलेल्या पेठांतल्या वाड्यांनी आपली दारे उघडी ठेवली आणि अनोळखी माणसे चौकात येऊन पाणी भरू लागली. कात्रजच्या नळाचे पाणी ज्या हौदांत येत होते, तिथे पहाटेपासून रांगा लागल्या. दोनशे वर्षांपूर्वीची सोय त्या दिवसांत शहराच्या उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही.

पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, अशा सूचना फिरत होत्या, पण उकळायला जळण कोरडे नव्हते. रोगराईच्या भीतीने लस टोचण्याची केंद्रे उघडली. आईच्या दंडावर सूज आली होती आणि त्याही अवस्थेत ती दिवसातून चार वेळा आडावर जात होती, असे ती आजही तक्रारीच्या सुरात सांगते.

पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवले गेले. ते पूर्वी पुण्याचे महापालिका आयुक्त होते, त्यामुळे त्यांना शहराची नस ठाऊक होती. गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या निसेन झोपड्या उभ्या राहिल्या, सहकारनगरसारख्या नव्या वसाहती वाढल्या. नदीकाठच्या वाड्यात तीन पिढ्या राहिलेली कुटुंबे एकाएकी माळावर राहायला गेली. तिथे आड नव्हता, हौद नव्हता. वस्तीला एक सार्वजनिक नळ आणि त्याच्यापुढे कळश्यांची रांग. जातीपातीने वेगळी राहणारी घरे त्या रांगेत एकामागे एक उभी राहिली. गुरुवारपेठी यांनी वर लिहिलेल्या हौदाच्या काठापासून या रांगेपर्यंत शंभर वर्षेही झालेली नव्हती. रांगेत उभे राहिल्याने मने बदलली, असा माझा दावा नाही. परंतु नंबर मात्र आलेल्या क्रमानेच लागत असे.

कोथरूडचा नवा

सर्व प्रतिसाद वाचले. एक शंका आहे. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची व्यवस्था विजेशिवाय, पंपाशिवाय चालत असे आणि आज एवढी यंत्रे असूनही आमच्या सोसायटीत दिवसाआड टँकर येतो. मग जुने तंत्र श्रेष्ठ होते असेच म्हणावे लागेल ना?

निवृत्त ओव्हरसियर

असे म्हणता येणार नाही. कात्रजच्या नळाविषयी मला आदर आहे. परंतु तो तेव्हाच्या, आजच्या तुलनेत लहानशा शहरासाठी होता, पाणी हौदापर्यंतच पोहोचवत होता आणि तिथून पुढचे काम माणसांच्या खांद्यावर होते. आज आपल्याला चौथ्या मजल्यावरच्या तोटीत, शुद्ध केलेले आणि जोराने पडणारे पाणी हवे असते. दोन्हींची तुलना करायची तर त्या काळी एका घराला दिवसाला किती घागरी लागत आणि आज आपण किती बादल्या नुसत्या फरशीवर ओततो, तिथून करावी लागेल. समाविष्ट गावांत, विशेषतः २०१७ मध्ये घेतलेल्या अकरा आणि २०२१ मध्ये घेतलेल्या तेवीस गावांत, नळांचे जाळे वस्तीच्या मागे पडले, हे टँकरचे खरे कारण आहे.

जुन्या लोकांकडून शिकायचेच असेल तर ओढ्यांविषयी शिकावे. नानासाहेबांनी आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले, ज्यात पुढे १७८४ मध्ये तळ्यातल्या गणपतीचे मंदिर झाले आणि जिथे आज सारसबाग आहे. ओढा वळवताना त्याला जायला वाट मात्र ठेवली होती. आपण तीच वाट बांधकामांनी आवळत आणली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या पाण्याने आंबिल ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या आणि माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, मुठेचा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटून झोपडपट्टीत पाणी शिरले होते. दोन्ही ठिकाणी पाण्याने जुनीच वाट धरली.

आडनाव नको

कात्रजचे पाणी अजूनही पेठांत येते का, याविषयी कुणी सांगू शकेल का? काही वाड्यांत बारमाही झरा असल्याचे सांगतात.

शनिवारकर (धागाकर्ता)

काही ठिकाणी अजून वाहते. जुना नळ बऱ्याच जागी फुटलेला आहे, इमारतींच्या पायांनी अडलेला आहे आणि वाटेत त्यात सांडपाणी मिसळते. त्यामुळे ते पिण्याजोगे राहिलेले नाही. झाडांना, गाड्या धुवायला आणि संडासाला मात्र ते चालते. वाड्यातल्या ज्याला लोक झरा म्हणतात तो कित्येकदा नळाचा गळता फाटाच असतो. पुनर्विकासाचा पाया खोदताना बाजूच्या भिंतीतून सतत पाणी पाझरू लागले, तर कंत्राटदार पंप लावून ते रात्रंदिवस गटारात सोडतो आणि शेवटी सिमेंट भरून वाट बंद करतो. अशा वेळी पाणी शेजारच्या तळघरात निघते.

‘तांब्याचा बंब’ यांचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. त्यांना विनंती की नळ आणि आड यांच्या पाण्याचा जो भेद घरात पाळला जाई तो कधी आणि कसा सुटला, हे त्यांनी आणखी विस्ताराने लिहावे; पाणीपुरवठ्याच्या सरकारी कागदांत या गोष्टीची नोंद मिळण्याची शक्यता कमी आहे. ‘मुठेकाठचा’ यांनी आपल्या आईकडून हौदांपुढच्या रांगांची ठिकाणे नक्की करून घेतली, तर १९६१ मध्ये जुन्या नळाचे कोणते फाटे जिवंत होते हे कळेल.

पुढील काम म्हणून पेठवार यादी सुरू करावी असे सुचवतो. ज्या वाड्यात हौद किंवा आड शिल्लक आहे, त्याचा घरक्रमांक किंवा मालकाचे नाव न देता केवळ पेठ आणि जवळचा चौक लिहावा, पाणी मे महिन्यात कितपत असते तेही नोंदवावे आणि उसाशाचे तोंड दिसत असेल तर त्याचे छायाचित्र जोडावे. कसबा आणि शनिवार या पेठांची नोंद मी करतो. सदाशिव पेठ मोठी आहे, तिथे दोघे-तिघे लागतील. वाडे झपाट्याने उतरत आहेत, म्हणून पावसाळ्यापूर्वी निदान शुक्रवार पेठ आणि गुरुवार पेठ पाहून होतील असे पाहावे.